कोकणातल्या घळींना डांबरी रस्ता नको, पायवाट द्या. पटतंय का?

सड्यावरचा वारा

हल्ली कोकणातल्या कुठल्याही लहानशा घळीचा, म्हणजे कड्यात समुद्र आत शिरतो त्या खाचेचा, व्हिडिओ आला की खाली पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी कुठपर्यंत जाते?" कशेळीच्या देवघळीचं तेच, निवतीचं तेच. मग कोणीतरी रस्ता मागतो, रस्ता झाला की पार्किंग लागतं, पार्किंग झालं की टपऱ्या येतात, मागोमाग प्लास्टिक, आणि दोनचार वर्षांनी तीच मंडळी म्हणतात की आता तिकडे पूर्वीसारखं राहिलं नाही.

माझं म्हणणं असंय की रत्नागिरी-सिंधुदुर्गात कड्याच्या कडेकडेने, सड्यावरून म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, घळीत उतरून परत वर चढणारी एक सलग पायवाट आखावी. पेव्हर ब्लॉक नको, रेलिंग नको, सेल्फी पॉइंट तर अजिबातच नको. दगडावर रंगाची खूण आणि खाडी आली की पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, एवढंच. गाडी गावात देवळाजवळ लावायची आणि पुढे पायांनी.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला अशी वाट आहे, साउथ वेस्ट कोस्ट पाथ, माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत ६३० मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. ती मुळात फिरायला म्हणून झालेलीच नाही. चोरटा माल कुठे उतरतोय का ते बघायला तिथले किनारारक्षक रोज गस्त घालायचे आणि प्रत्येक घळीत डोकावून बघावं लागायचं म्हणून वाट अगदी कड्याला धरून गेली. आपल्याकडेही वाटा आहेतच की. बायका कालवं काढायला उतरतात, पोरं गरवायला जातात, प्रत्येक वाडीतून एखादी पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, खाली येते. त्या फक्त एकमेकींना जोडायच्या.

पूर्णगडची खाडी ओलांडली की गावखडी, मग कशेळी आणि वेत्ये, पुढे आंबोळगड. नुसती नावं वाचून भागत नाही, तो टापू पायाखाली घ्यावा लागतो. वर काळा-तांबडा कातळ, ऑक्टोबरात त्यावर अजून ओल असते आणि गवताला हिरवा वास येतो, आणि चालता चालता एकदम जमीन संपते नि खाली घळ, पांढरा फेस, वीसपंचवीस पावलांची पुळण, वाळूचा पट्टा. कशेळीच्या कनकादित्याची, म्हणजे सूर्यदेवाची, मूर्ती गलबतातून आली ती इथल्याच गुहेत ठेवली होती अशी गावची कथा आहे. त्याच कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे, त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत. गाडीतून उतरून दहा मिनिटांत रील काढून जाणाऱ्याला यातलं काय मिळणार?

विरोध असेल तर जरूर लिहा, पण कारणासकट.

राजापूरकर

कारणासकटच लिहितो. तुम्ही ज्याला सडा म्हणताय तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. बऱ्याचदा वीस-पंचवीस नावं असतात त्या उताऱ्यावर, निम्मी मुंबईत. गावचा माणूस कालवांना जातो तो माझ्या बागेतून जातो कारण मी त्याला ओळखतो, त्याच्या आजोबाला माझा आजोबा ओळखायचा. त्या वाटेवर उद्या रंगाचा ठिपका मारलात की ती सगळ्या जगाची झाली. मग गडगा, दगडी कुंपण, कोण पाडला, बेडं, म्हणजे फाटक, कोण उघडं टाकून गेला, गुरं कलमात कशी शिरली, हे मी कोणाला विचारू?

आणि मुख्य गोष्ट वणवा. पुण्यामुंबईच्या माणसाला हे कळतच नाही. दिवाळी उलटली की सड्यावरचं गवत वाळायला लागतं, फेब्रुवारीत ते कागदासारखं पेटतं. एक सिगरेटचं थोटूक, वारा समुद्रावरून वर येतो, आणि अर्ध्या तासात वीस वर्षांची हापूसची कलमं करपून काळी. आमच्या बाजूला हे झालंय, विझवायला आम्ही झाडाच्या टहाळ्या घेऊन धावलो, पाणी तर सड्यावर नसतंच. भरपाई मिळाली ती मागच्या पिढीच्या दराने. तुमचा तो इंग्लंडचा किनारा वर्षभर ओला असतो हो, तिकडची वाट इकडे जशीच्या तशी नका आणू.

भटकंती_पुणे

राजापूरकरांना वणव्याबद्दल पूर्ण अनुमोदन आणि धागाकर्त्याला विरोध, पण माझं कारण वेगळंय. मी सह्याद्रीत भरपूर फिरलोय. जिथे जिथे वाटेवर बाण मारले, जीपीएस ट्रॅक टाकले, तिथे तिथे रविवारी रांगा लागतात. कळसूबाईच्या शिड्यांवर थांबून थांबून वर जावं लागतं, देवकुंड धबधब्याला पावसाळ्यात बंदी घालायची वेळ येते. वाट "फक्त चालणाऱ्यांसाठी" ठेवली की गर्दी कमी होते हा गोड गैरसमज आहे, पन्नास जणांची बस भरून ट्रेक नेणारे लोक चालणारेच असतात. माझं स्पष्ट मत, ज्या घळींची नावं अजून नेटवर नाहीत त्यांची घेऊच नका. खूण नको, नकाशा नको. ज्याला खरंच जायचंय तो गावात विचारून जाईल.

सड्यावरचा वारा

भटकंती, मग हे ज्ञान फक्त तुमच्या-माझ्यासारख्यांकडेच राहणार ना. ज्यांना गावात ओळख आहे, ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांनाच किनारा. आणि तुम्ही नाव नाही घेतलंत तरी ड्रोनवाला घेणारच आहे, तो काय तुमची परवानगी घेऊन उडवतो? मला वाटतं घळ उघड होणार की नाही हा प्रश्नच आता उरलेला नाही, ती चाकांनी उघड होणार की पायांनी एवढंच आपल्या हातात आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल उभे राहतायत, ते झाले की आज जिथे जायला अर्धा दिवस लागतो तिथे तासाभरात गाडी पोचणार.

गुहागरची_लेक

रस्ता की पायवाट यावर एवढं लिहिताय पण भरतीबद्दल एका शब्दानेही कोणी बोललं नाही, याचं मला जास्त टेन्शन येतं.

आमच्या हेदवीला बामणघळ आहे. कातळात अरुंद चीर, भरतीला लाट आत घुसते आणि कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं वर उडतं. लोक ते बघायला अगदी काठावर जाऊन उभे राहतात, ओल्या शेवाळावर, चपला घालून. ओहोटीला तीच जागा इतकी गरीब दिसते की बघणाऱ्याला खरंच वाटत नाही.

लहानपणी आम्हाला शिकवलेला हिशोब सांगते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण भरती. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. आता गंमत बघा कुठे घात होतो. पौर्णिमेला उधाण असतं, त्या दिवशी पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. सूर्यास्त बघायला आलेल्या माणसाला पुळण एवढी लांबरुंद दिसते की तो कातळाला वळसा घालून पलीकडच्या घळीत जातो, बसतो, फोटो काढतो, अंधार पडतो, आणि तोवर पाणी वळलेलं असतं. परतीचा कातळ पाण्याखाली आणि मागे सरळ उभा कडा. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी, पाणी फार चढत नाही पण ओसरतही नाही, त्या दिवशी तो वळसा मुळात उघडाच होत नाही. अंदाजासाठी ही रीत चांगली, पण खाली उतरायचं तर त्या दिवसाचं वेळापत्रक बघायचंच.

वाट करा किंवा नका करू, पण प्रत्येक घळीच्या तोंडाशी आजची भरती किती वाजता हे लिहिणारा माणूस रोज उभा राहणार असेल तरच करा. नुसती रंगाची खूण म्हणजे "ये, खाली ये" असं आमंत्रण. मुरुड-जंजिऱ्याला २०१६ साली सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, तो तर उघडा सपाट किनारा होता. घळीत अडकलेल्याचा आवाज वरच्या माणसाला ऐकूसुद्धा येत नाही.

डॉर्सेटला_असते

धागाकर्त्याने आमच्या इथल्या साउथ वेस्ट कोस्ट पाथचं नाव घेतलंय म्हणून लिहिते. मी या वाटेपासून जवळच राहते आणि ती फार आवडते, तरी चित्र थोडं पूर्ण करायला हवं.

लुलवर्थ कोव्ह म्हणजे जवळजवळ गोल घळ. समुद्राकडच्या कठीण चुनखडीला लाटांनी भगदाड पाडलं आणि आतली मऊ माती खाऊन टाकली, म्हणून तोंड अरुंद आणि पोट मोठं. तिथून मैलभरावर डर्डल डोअर, दगडी कमान. हा सगळा किनारा २००१ पासून जागतिक वारसा आहे. पण या दोघांमधली टेकडी इतकी तुडवली गेली की तिथे आता दगडांची रुंद फरसबंदी वाट आहे, रानवाट म्हणावी असं तिच्यात काही उरलं नाही. २०२० च्या मे अखेरीला लॉकडाऊन सैल झाला नि एवढी गर्दी लोटली, काही जणांनी त्या कमानीवरून समुद्रात उड्या मारल्या, तिघे गंभीर जखमी. हेलिकॉप्टरं किनाऱ्यावर उतरवायला सगळा किनारा रिकामा करावा लागला. त्यामुळे "पायवाट आहे म्हणजे जागा वाचली" असं मी तरी म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू. डर्डल डोअरवरून पश्चिमेला बॅट्स हेडकडे चालत जा. एक चढ असा येतो की हात गुडघ्यावर ठेवून चढावं लागतं. तो चढ संपला की माणसं संपली! मागे सगळा बाजार आणि इथे फक्त खडूचे पांढरे कडे, वारा आणि मेंढ्या. म्हणजे गर्दी पार्किंगच्या भोवती साचते. माझ्या मते धागाकर्त्याचा मुद्दा इथे खरा ठरतो, पण त्यांनी सांगितलेल्या कारणाने नाही. वाट गर्दी थांबवत नाही, गाडीपासूनचं अंतर थांबवतं. तेव्हा भांडण करायचंच तर पार्किंग कुठे असावं यावर करा, घळीपासून किमान दोन किलोमीटर मागे.

जमिनीचंही सांगते. लुलवर्थची जमीन खाजगी इस्टेटची आहे, पार्किंगचे पैसे तेच घेतात. कडा ढासळला तर वाट आत सरकवायची सोय २००९ च्या किनारा कायद्यात केलीय. जमीनमालकाशी कागदावर ठरलेलं असतं, प्रेमावर चाललेलं नाही. राजापूरकरांची शंका अगदी रास्त आहे.

निवतीचो

सगळ्यांचा वाचलंय. तुमी वाट आखतास, तुमी मोडतास, पण गावाक कोणी इचारल्यान?

पुढे सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडे किल्ल्याच्या खालून होडी घेऊन लोकांना खडक आणि घळी दाखवतात, त्यावर कितीतरी घरं चालतात. मी दोन्ही बाजू बघतो. रस्ता आला तेव्हा माल बाजारात जायला सोपं झालं, बाळंतिणीला दवाखान्यात नेता आलं, तेव्हा रस्त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. रस्ता गावाला हवाच. पण गावापासून खाली पुळणीपर्यंत गाडी यायला नको, कारण मग पाहुणा येतो, गाडीतच आणलेलं खातो, बाटल्या टाकतो, जातो. चालत येणारा दमतो, भूक लागते, राहतो. वेळासला किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांमुळे घरगुती राहण्या-जेवणाची सोय उभी राहिली ती गावानेच केली, बाहेरचं रिसॉर्ट आलं नाही.

आणि खाडीचं म्हणाल तर धागाकर्त्यांची ती तरीची कल्पना मला फार आवडली. पूल झाल्यावर कितीतरी ठिकाणच्या तरीच्या होड्या बंद पडल्या. चालणारा माणूस आला तर तरवाला परत उभा राहील. फक्त कासवांच्या दिवसांत रात्री टॉर्च घेऊन पुळणीवर फिरायचं नाही, हा नियम गाव करणार आणि गावच पाळायला लावणार.

भटकंती_पुणे

डॉर्सेटताईंचा अंतराचा मुद्दा पटला. पार्किंग दोन किलोमीटर मागे असेल तर माझा विरोध बराच कमी होईल. पण नकाशा नेटवर टाकायला माझा अजूनही नकारच, आणि कातळशिल्पांच्या जवळून तर वाट नकोच. काही ठिकाणी लोक त्या रेषांवर चालतात, खडूने गिरवतात. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव लागलं म्हणून दगड काही आपोआप जपला जात नाही.

सड्यावरचा वारा

कातळशिल्पांबद्दल शंभर टक्के सहमत, वाट दूरून न्यावी. लेकीने भरतीचं लिहिलं ते मी आधी लिहायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण मला तर वाटतं तोच वाटेचा सगळ्यात मोठा फायदा आहे. आज लोक कुठूनही उतरतात. ठरलेली वाट असेल तर उतरायची जागा एक, तिथे गावचा एक माणूस, हातात त्या दिवसाची वेळ, त्याला पगार. पाणी वळायच्या तासभर आधी खाली सोडणं बंद.

राजापूरकर, वणव्याचं उत्तर माझ्या मते कॅलेंडरमध्ये आहे. पावसात कडा निसरडा, सड्यावर फुरसं असतंच, तेव्हा बंद. फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं, आंबा झाडावर, तेव्हा बंद. उरतो ऑक्टोबरचा मध्य ते जानेवारी अखेर. साडेतीन महिने वाट उघडी, तीही फक्त उजेडात, विडी-काडी-शेगडी काही नाही. जमीनमालकांना प्रवेश शुल्कातला वाटा आणि वणव्याचा विमा त्याच पैशातून.

राजापूरकर

साडेतीन महिन्यांचं बोललात तेव्हा पहिल्यांदा वाटलं की समोरचा ऐकतोय. तरी माझं उत्तर आज नाहीच आहे. विमा, वाटा हे सगळं कागदावर गोड दिसतं, सामायिक सातबाऱ्यावर वाटा कोणाला द्यायचा यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतील हे मी आत्ता लिहून देतो. आणि गवत डिसेंबरातही पेटतं, तारखा बघून नाही पेटत.

करायचंच असेल तर माझ्या बागेपासून सुरुवात नका करू. ज्या गावात सडा गावकीचा किंवा देवस्थानचा आहे, जिथे मालक एक आहे आणि ग्रामसभा हो म्हणतेय, तिथे आठ-दहा किलोमीटर करून दाखवा. वाटेच्या दोन्ही बाजूंनी नोव्हेंबरात गवत कापून जाळरेषा काढा, ती मजुरी कोण देणार ते आधी ठरवा. दोन हंगाम एकही वणवा लागला नाही तर माझ्याकडे या, मी चुलत्यांना बोलावून घेतो.

निवतीचो

राजापूरकरांनू, जाळरेषेचा काम आमच्या वाडयेतली पोरा करतली. मजुरीचा आधी ठरवूया, ग्रामसभेत मीच विषय काढतंय.