मदत हवी आहे: ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारा निवेदक मुलांना कसा समजवावा?

सहावीच्या मुलांना गोष्ट लिहायला शिकवते आहे. पात्र, प्रसंग, संवाद पटकन कळले, अडलंय निवेदकापाशी. चिमणी-कावळ्याची गोष्ट कावळ्याच्या तोंडून लिहायला दिली. सुरुवात झकास: “माझं शेणाचं घर पावसात वाहून गेलं.” पण पुढे बंद दाराबाहेर भिजणाऱ्या या कावळ्याला आतली चिमणी बाळाला तीट लावताना दिसते! खरं तर त्याला फक्त तिचा आवाज ऐकू येणार. हे बोलून समजावलं, चिमणीच्या बाजूनेही लिहून घेतलं, तरी सर्वज्ञ निवेदक मध्येच डोकावतो. व्याख्या पाठ करून घ्यायच्या नाहीत. तास 35 मिनिटांचा, साधन फळा-खडू. निवेदकाला काय कळू शकतं आणि काय नाही, हे मुलं स्वतःच पकडतील असा एखादा खेळ किंवा लेखनसराव कुणी वर्गात घेतला आहे का?