चर्चा धागा: ॲप बाजारात आणण्याआधी शेतकऱ्याच्या हातात देऊन बघायलाच हवं का?

कृष्णाकाठची, सांगली
द्राक्षबागेतल्या फवारणीच्या नोंदी ठेवणारं एक ॲप तासगाव भागातल्या काही बागायतदारांच्या हातात दिलं. कसं वापरायचं ते सांगितलं नाही. 'कालची फवारणी नोंदवा' एवढंच म्हटलं आणि बाजूला बसून बघितलं.

बागायतदार दिवस मोजतो ते फळछाटणीपासून: 'आज बेचाळिसावा दिवस'. ॲपात मात्र नुसतं कॅलेंडर. क्षेत्र मागतं हेक्टरमध्ये, माणूस बोलतो एकर-गुंठ्यात. दराचा रकाना किलोचा, आणि आपल्याकडं सौदा ठरतो चार किलोच्या पेटीवर. एकानं पेटीचा दर टाकला, हिशोब चौपट आला. त्याला वाटलं आपल्यालाच फोन वापरता येत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. दोष ॲपचा आणि शरम शेतकऱ्याला!

ही चाचणी, म्हणजे युजेबिलिटी टेस्टिंग, झाल्याशिवाय कुठलंही ॲप लोकांना देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विश्रामबागचा डेव्हलपर
ताई, मला पटत नाही. छोट्या कंपनीला हंगाम गाठावा लागतो. ऑक्टोबरच्या छाटणीआधी ॲप आलं नाही तर वर्ष गेलं. त्यापेक्षा ॲप सोडावं, कुठल्या स्क्रीनवर लोक थांबतात ते आकड्यांत बघावं आणि दुरुस्त करावं. खऱ्या वापराची माहिती मिळते.

दुसरं, आपल्याकडं घरी आलेल्या माणसाला कुणी तोंडावर वाईट म्हणत नाही. चहा पाजतील आणि 'चांगलं केलंय' म्हणतील. असल्या चाचणीवर काय विसंबायचं?

कृष्णाकाठची, सांगली
म्हणून तर मत विचारायचंच नसतं. काम द्यायचं आणि बोट कुठं अडतं ते बघायचं. तोंड भिडेखातर बोलेल, बोट नाही बोलत.

आकड्यांचं म्हणाल तर चौपट हिशोबाची नोंद तुमच्याकडं 'यशस्वी' म्हणूनच गेली असती. तो कुठल्याच स्क्रीनवर थांबला नव्हता.

खर्चाचा प्रश्न युजेबिलिटीचा अभ्यासक जेकब नील्सननं 2000 सालीच सोडवलाय. पाच जणांबरोबर चाचणी केली तरी सुमारे 85 टक्के अडचणी दिसतात.

विश्रामबागचा डेव्हलपर
ते पाचाचं गणित पुरतं सांगा. एक अडचण एका माणसाला नडण्याची शक्यता सरासरी 31 टक्के धरली तरच 85 येतात. दहातल्या एकालाच नडणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम 41 टक्के. बागायतदार, औषध दुकानदार, व्यापारी असे तीन प्रकारचे लोक असतील तर प्रत्येकातले पाच हवेत. म्हणजे खर्च तिप्पट.

मिरजेहून, हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणारा
गणित बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते हेच की चाचणी जास्त हवी. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत वैद्यकीय उपकरणाच्या अंतिम चाचणीला प्रत्येक गटातून किमान 15 जण सुचवलेत. सलाईन पंपावर दशांश चिन्ह चुकलं तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि नुसतं दाखवणं म्हणजे चाचणी नव्हे. 2000 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका आठवा. वयस्कर मतदारांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून उमेदवारांची नावं समोरासमोरच्या दोन पानांवर घेतली आणि मत द्यायला पाडायची भोकं मधोमध. हेतू चांगलाच होता. नमुना मतदारांना आधी पाठवलाही होता. तरी हजारो मतं भलतीकडं गेली किंवा बाद झाली, आणि फ्लोरिडाचा निकाल लागला 537 मतांनी. भोक पाडायची वेळ आल्याशिवाय गोंधळ कळत नाही.

विश्रामबागचा डेव्हलपर
पंप आणि मतपत्रिका मान्य. तिथं चाचणी हवीच. पण फवारणीची वही म्हणजे सलाईनचा पंप नव्हे.

तासगावचा बागायतदार
साहेब, वही म्हणू नका. माल युरोपला जायचा तर औषधाचा अंश तपासतात. फवारणी ते काढणी किती दिवस जायला पायजेत, ते पीएचआय या नोंदीवरनंच धरतो आम्ही. तारीख चुकली आणि नमुना नापास झाला, तर तो माल निर्यातीतनं गेला. वर्षभराचं कर्ज असतंय त्या बागेवर.

माझं पोरगं ॲप झटक्यात चालवतंय, पण फवारणी मी करतो आणि औषधाचा हात घेऊन फोनला बोट लावायचं असतंय. ते तुमच्या ऑफिसात कसं दिसणार?

विश्रामबागचा डेव्हलपर
पीएचआयचं तुमचं खरं आहे. तारीख आणि औषधाच्या स्क्रीन बागेत येऊन तपासायला मी तयार आहे. सगळं ॲप मात्र नाही, तेवढा वेळ खरंच नाही.

तासगावचा बागायतदार
मग दुपारनं या, सकाळी फवारणी असती. आणि फोन तुमचा नको, माझाच घेऊ. त्याची काच फुटलीय आणि उन्हात निम्मं दिसत नाही.