देवळामागची परसबाग, चर्चची वाडी, लंगरची भाजी – तुमचे अनुभव लिहा

माळीणबाई
काल आईला घेऊन माहेरच्या देवळात गेले होते. मागचं अंगण गायब! म्हणजे जागा आहे, पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, मधे स्टीलचं बाक आणि बाकावर देणगीदारांची नावं.

आमच्या लहानपणी तिथे गुरवकाकूंची बाग होती. अभिषेकाचं पाणी गोमुखातून पडायचं ते थेट अळवाच्या वाफ्यात. निर्माल्य कोपऱ्यातल्या खड्ड्यात, वर राख, वर माती. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यावर लाल भोपळ्याचा वेल. काकूंनी भाजी कधी विकली नाही. मागच्या चाळीत गिरणीची माणसं राहायची, संपानंतर कोणाकडे काय शिजतंय हे काकूंना बरोबर ठाऊक असायचं. जुडी हातात देताना "प्रसाद आहे, नाही म्हणू नये" म्हणायच्या. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ते होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त फदफदं कळायचं.

हल्ली देवस्थान आणि पर्यावरण म्हटलं की रोप हातात धरून पंधरा जणांचा फोटो येतो. ते नको. मातीत हात घातलेलं लिहा. कुठलाही धर्म, कुठलंही गाव.

घंटानाद
पेव्हर ब्लॉक हे महाराष्ट्राचं नवं कुलदैवत आहे. सविस्तर नंतर, कुकर लावलाय.

बावखल
वसईची आहे मी. आमच्याकडे वाडी आणि देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) वेगळं काढताच येत नाही. मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) सुटली की पायऱ्यांवर केळी, वाल, दुधी यांच्याच गप्पा. 1988-89 ला हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन पेटलं तेव्हा मी शाळेत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. बिल्डर, टँकर, गुंडगिरी, हे शब्द मी धर्मगुरूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. आजी म्हणायची, फादर प्रार्थना सांगायची सोडून विहिरींचं काय बोलतात? मग आमच्या विहिरीला मचूळ पाणी लागलं आणि आजी स्वतः मोर्चात.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी साठवणारं. त्यानेच विहिरी गोड राहायच्या. किती बुजवली त्याला गणती नाही. फादर 2024 च्या जुलैत गेले. अंत्ययात्रेला सगळ्या धर्मांची माणसं होती, हे सांगायलाच हवं असं नाही पण सांगते.

अनिवासी_पोहे
बावखलताई, वसईची सुकेळी (सुकवलेली केळी) अजून मिळतात का हो? इथे आठवणीनेच तोंडाला पाणी सुटतं.

बावखल
मिळतात, पण करणारी घरं कमी झाली. कोणी येणारं असेल तर सांगा.

दीक्षाभूमी_रोड
नागपूर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या गल्लीचा भोजनदानाचा स्टॉल असतो. पुरी-भाजी, मसालेभात. लांबून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. त्यांना कोणी नाव विचारत नाही, जात तर नाहीच. माझ्या आईच्या मते हीच आमची पूजा.

आता बागेचं. आधी उरलेलं अन्न आणि पत्रावळ्या एकाच ढिगात जायच्या. आमच्या विहारातल्या बायकांनी ठरवलं, साली आणि उष्टं वेगळ्या पिंपात. त्याचं खत विहाराच्या मागे वांगी-मिरचीला जातं. दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षाचं रोप भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेलं. आमच्या विहारात पिंपळ लावायची टूम निघाली होती, पण जागा दहा बाय बारा. शेवटी वांगीच बरी असं ठरलं 😄

मोकळं_बोलू
धागा चांगला आहे म्हणून लिहितो, राग नसावा.

गुरवकाकूंचं कौतुकच. पण आमच्या गावात देवळामागच्या आडावर आमच्या लोकांना पाणी भरायला बंदी होती. आजी नदीच्या पात्रात झरा उकरून वाटीवाटीने घागर भरायची. देवळाची बाग हिरवीगार दिसायची, ती लांबूनच. गावजेवणात आमची पंगत शेवटी, तीही उकिरड्याच्या बाजूला. त्यामुळे देवळातलं अन्न सगळ्यांचं, असं कोणी म्हटलं की आमच्या घरात वेगळ्या आठवणी निघतात.

आणि आजचं बघा. विसर्जनाला निर्माल्य कलशाचे फोटो छापून येतात. तो कलश रिकामा कोण करतं? हारातली सुतळी, टाचण्या, प्लास्टिकची जर, अगरबत्तीच्या काड्या हाताने कोण वेचतं? माझा मेहुणा सफाई खात्यात कंत्राटावर आहे. हातमोजे स्वतःच्या पैशाने घेतो. खत झाल्यावर पिशव्या "प्रसाद" म्हणून सोसायट्यांत वाटतात, त्याला एक पिशवी कोणी दिली नाही. त्याच्याकडेही कुंड्या आहेत.

माळीणबाई
बरं झालं लिहिलंत. राग कसला. चाळीतल्या काही घरांची भाजी काकू मागच्या गल्लीतून नेऊन द्यायच्या, देवळाच्या पायरीवर त्यांना कधी बोलावलेलं मला आठवत नाही. लहान होते, विचारलं नाही. आता विचारायला काकू नाहीत.

घंटानाद
@मोकळं_बोलू, मेहुण्यांना खताची पिशवी मिळेल. कुठल्या भागात आहेत ते व्यनि (खाजगी निरोप) करा. आमच्या सोसायटीत पडून आहेत.

अनिवासी_पोहे
सुकेळ्यांपुरता आलो होतो पण वरचं वाचून थांबलो.

मी अमेरिकेत बाल्टिमोरजवळ राहतो. इथे काळ्या लोकांच्या वस्तीत मैलोन् मैल चिप्स आणि सोडा मिळेल, टोमॅटो मिळणार नाही. प्लेझंट होप बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री हेबर ब्राउन आपल्या मंडळींना भेटायला दवाखान्यात जायचे. बरीच दुखणी खाण्यापिण्यातून आलेली. चर्चसाठी भाजी विकत घ्यावी म्हणून चौकशी केली तर भाव परवडेनात. चर्चपुढे दीड हजार चौरस फुटांची जागा होती, 2010 च्या सुमारास तिथेच वाफे घातले. 2015 मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलिस कोठडीत जखमी होऊन वारला, शहर पेटलं, दुकानं बंद, बस बंद. तेव्हा ब्राउन यांनी काळ्या शेतकऱ्यांकडून माल आणून चर्चमध्येच वाटप सुरू केलं. त्यातून ब्लॅक चर्च फूड सिक्युरिटी नेटवर्क उभं राहिलं. तत्त्व साधं आहे: जमीन चर्चकडे आहे, स्वयंपाकघर आहे, माणसं दर रविवारी येतातच, मग दुसऱ्याच्या दानाची वाट कशाला बघायची?

आमचं मंडळ गणपतीला हॉल भाड्याने घेतं. जमीनच नाही, त्यामुळे आम्ही सुटलो. अशाच एका चर्चच्या आवारातून कॉलर्ड ग्रीन्सची जुडी आणली होती, बायकोने डाळीचं पीठ पेरून केली. मुळ्याच्या पाल्याची भाऊबंद निघाली.

सासूबाईंची_सून
पीठ पेरून काहीही चांगलं लागतं 😂

मिरजकर
फोनवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. आमच्या मशिदीत वुजूचं (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचं) पाणी आधी गटारात जायचं. पाच वेळची नमाज, शुक्रवारी तर रांग. त्या पाण्यात साबण नसतो, हातपाय-तोंड धुतलेलं फक्त. एका चाचांनी पाईप फिरवला नि मागे शेवगा, लिंबू, पुदिना लावला. काही जण कुरकुरले, पाय धुतलेलं पाणी लिंबाला कसं? चाचा म्हणाले, नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी जास्त वापरू नका असं हदीसमध्ये आहे ते आठवतं ना, मग जे वापरलं ते तरी झाडाला द्या. आता रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात तोच पुदिना, तीच लिंबं. कुरकुरणारे दोन ग्लास पितात. शेवग्याच्या शेंगा मात्र मिळायच्या नाहीत, शेजारचे जोशीकाका पहाटेच काढून नेतात. चाचांची परवानगी आहे.

सासूबाईंची_सून
जोशीकाका सगळीकडे सारखेच!

रोह्याची_पोर
आमचे आजोबा स्वाध्याय परिवारातले. तो सुरू करणारे पांडुरंगशास्त्री आठवले मूळ रोह्याचे, त्यांना 1996 ला मॅगसेसे मिळालं. योगेश्वर कृषी म्हणजे गावाने मिळून एक शेत धरायचं, प्रत्येकाने वर्षातले थोडे दिवस तिथे राबायचं, तेही मजूर म्हणून नाही, पुजारी म्हणून. येणारं उत्पन्न कोणा एकाचं नाही, देवाचं. त्यातून गरजूच्या घरी गुपचूप मदत. आजोबा घरच्या भाताला उशीर करतील पण त्या शेताला नाही. आजीचा यावरून कायम तंटा. संस्थेबद्दल मतं वेगवेगळी असतील, तो वाद इथे नको.

घंटानाद
वाद नको असं लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादाला वाद येतो, असा जालावरचा नियम आहे.

अरणची_माळ
सावता माळ्यांचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? आमचं गाव अरणजवळच. मळा सोडून पंढरीला गेले नाहीत ते, कांदा-मुळ्यातच विठाई दिसली. अजूनही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. आषाढ वद्यात. माझे वडील म्हणायचे, माळ्याला सुट्टी नसते हे देवालाही कळतं.

पणजीचो_पाव
गोव्यात ऑगस्टमध्ये कणसाचें फेस्त. नव्या भाताची कणसं विळ्याने कापून मिरवत देवळात (इगर्जीत) आणतात, पाद्री आशीर्वाद देतो, मग घराघरांत जातात. हिंदूंकडे चवथीच्या सुमारास नवें. शेत तेच, लोंबी तीच. ताळगावसारख्या ठिकाणी आता बिल्डिंगी शेतांच्या अंगावर आल्यात. उद्या कणसं सुपरमार्केटातून आणणार काय?

शिर्डी_लोकल
शिर्डीच्या साई प्रसादालयात 2009 पासून सौर वाफेवर स्वयंपाक होतो, छतावर 73 तबकड्या आहेत. जेवणाऱ्याला पत्ता नसतो. आमटी उत्तम. विषयाशी संबंध बसवून घ्या.

सासूबाईंची_सून
मूळ प्रश्न राहिलाच माझा. घरचं निर्माल्य कुंडीत घालते, झेंडू महिन्या-दीड महिन्यात मुरतो पण बेलाची पानं तशीच. उपाय?

घंटानाद
चुरगाळून घाला, आंबट ताक शिंपडा. नाहीतर श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातलं (शेतीचे प्रयोग करणारा गट) अमृतजल: 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाण्यात.

सासूबाईंची_सून
चौथ्या मजल्यावर शेण ढवळलं तर घटस्फोट होईल. ताकच बरं. आणि मोठ्या हाराच्या खालच्या गोंड्यात थर्माकोलचा गोळा निघाला, तो कशात टाकायचा?

मोकळं_बोलू
हारवाल्याच्या हातात परत द्या. आम्ही देतो.