लॅपटॉप: रॅम वाढवावी, एसएसडी टाकावी की सरळ नवाच घ्यावा?

शाईदौत

नमस्कार मंडळी. दोन महिने ह्या एकाच गोष्टीचा घोळ घालतेय. आता तुम्हीच सोडवा.

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. १५.६ इंची पडदा, इंटेलचा आय५-७२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. काम भाषांतराचं. वर्डच्या दोन-तीन फाइली, भाषांतराचा एक प्रोग्राम जो फक्त विंडोजवर चालतो, जाडजूड पीडीएफ आणि क्रोममध्ये वीसेक टॅब एवढं कायम उघडं असतं. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल. गेम खेळत नाही.

चालू केल्यावर तो हाताशी यायला पाच-सहा मिनिटं लागतात. मध्येच सगळं गोठतं, माउसचा बाण तेवढा हलत राहतो. कॉल चालू असताना वर्डमध्ये टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं. बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते, पण मी चार्जर लावूनच बसते. टचपॅडचं डावं बटण महिनाभर नीट दाबलं जात नाही आणि लॅपटॉप टेबलावर थोडा डुगडुगतो. वेगळा माउस लावलाय, त्यामुळे तो काही प्रश्न नाही.

दुरुस्तीवाल्यानं न उघडताच निदान केलं: "आठाची सोळा करा, पळेल." घरचे म्हणतात नवा घे. मला ह्या लॅपटॉपचा कळफलक फार आवडतो, त्याच्यावर बोटं बसलीत. निर्णय होत नाही त्याचं खरं कारण कदाचित तेच असेल. काय करू?

खटपट्या

ताई, आधी काही विकत घेऊ नका. रॅम कमी पडतेय की डिस्क रडवतेय की प्रोसेसर दमलाय, हे लॅपटॉप स्वतःच सांगतो. पुढच्या वेळी गोठला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क ह्या तीन रकान्यांचे टक्के लिहून काढा. एकदा नुसतं चालू केल्यावर, एकदा रोजच्या कामात, एकदा कॉल चालू असताना.

मेमरी नव्वदच्या वर चिकटून बसली असेल तर दुरुस्तीवाला बरोबर. मेमरी साठ-सत्तरला आणि डिस्क सारखी शंभरला असेल तर दुप्पट रॅम टाकूनही चालू व्हायचा वेळ फारसा कमी होणार नाही.

आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात डिस्कची तब्येत बघा. निळं दिसलं तर ठीक. पिवळं दिसलं तर दुसरं काहीही करण्याआधी फाइलींची प्रत बाहेर काढा.

सरळमार्गी

माझं स्पष्ट मत: नवा घ्या. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे (मोजके अपवाद सोडता) इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, तुमचा सातव्या पिढीतला. त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बहुतेक असेलच, अडतंय ते प्रोसेसरवर. आणि तो बोर्डवर डाखून (सोल्डर करून) बसवलेला असतो, बदलता येत नाही. पळवाटेनं ११ टाकणारे आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तुमच्याकडे लोकांचे कागद असतात, तेव्हा हा खेळ नको.

पेंग्विनप्रेमी

विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. विषय संपला.

शाईदौत

@पेंग्विनप्रेमी, प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो असं वर लिहिलंय हो.

@खटपट्या, केलं सगळं. चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं डिस्क १००, मेमरी ४८, सीपीयू २५ ते ३०. रोजच्या कामात मेमरी ७१, डिस्क मधूनच १००ला जाते आणि तेव्हाच गोठतो. गंमत म्हणजे डिस्क १०० टक्के म्हणतेय तेव्हा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच दिसतो. कॉलवर सीपीयू ९२ ते ९८.

आणि डिस्क पिवळी आहे. "करंट पेंडिंग सेक्टर काउंट" ह्या ओळीत शेवटी १८ आहे.

खटपट्या

तो आकडा बहुधा षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजायच्या) पद्धतीत आहे, प्रोग्राम मुळात तसाच दाखवतो. म्हणजे १८ नव्हे, २४. चोवीस जागा अशा की ज्या डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. उद्या मरेल की वर्षभर ओढेल, कुणी सांगू शकत नाही. आज रात्रीच कामाच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या.

एक-दोन एमबीचं कोडं सोपं आहे. फिरत्या डिस्कला सुई हलवून जागा शोधावी लागते. एकसलग मोठी फाइल असेल तर ती सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून मागतं, आणि अशा जागा तिला सेकंदाला शंभरच्या आसपासच सापडतात. सगळा वेळ शोधण्यात, वाचायला उरतो चिमूटभर. त्यात एखादी जागा वाचता येईना की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, आणि तुमचं यंत्र गोठतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे साध्यातली साधी साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी अशा जागा सेकंदाला हजारोंनी काढून देते. म्हणून जुन्या लॅपटॉपात एसएसडी टाकली की लोकांना तो नवा झाल्यासारखा वाटतो.

तुमच्या ७१ टक्क्यांवर रॅम आत्ता तरी गुन्हेगार नाही. कॉलचं मात्र एसएसडीनं काही होणार नाही. ७२००यू मध्ये दोनच कोअर आहेत आणि ते तिथे खरोखर दमतात.

कळफलक

सगळे डिस्कच्या मागे लागलेत, मला त्या टचपॅडची काळजी वाटतेय.

डावं बटण दाबलं जात नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो आणि बॅटरी अर्ध्या तासावर आलीये. ह्या तिन्ही गोष्टी एकाच कारणानं होऊ शकतात: बॅटरी फुगलीये. पुष्कळ लॅपटॉपांत ती बरोबर टचपॅडच्या खाली असते. फुगली की वर टचपॅडला दाबते आणि खाली तळ बाहेर ढकलते.

बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि तळाला आडवी पट्टी लावून बघा. मधे फुगवटा असेल तर चार्जर काढा, पुन्हा लावू नका आणि चालूही करू नका. जो भाग वर आलाय तो दाबून बसवायला जाऊ नका, टोचणं तर लांबच. लिथियमची बॅटरी आतल्या आत वायू सुटून फुगते आणि फुटली तर पेट घेऊ शकते. मी हे दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा मालकाची तक्रार "टचपॅड खराब आहे" हीच होती.

शाईदौत

पट्टी लावली. मधोमध चांगला फुगवटा आहे. आणि मी वर लिहिलंय की "तो काही प्रश्न नाही".

आत्ता फोनवरून लिहितेय. फाइली काढायच्या राहिल्यात. उद्या बॅटरी काढून घेते, मग डिस्क.

सरळमार्गी

बघा. डिस्क गेली, बॅटरी गेली, प्रोसेसर बाद. आता तरी नवा घ्या.

जुनेसोने

सरळमार्गींचं बरोबर आहे पण अर्धंच. "दुरुस्त की नवा" असा एकच प्रश्न करून टाकला की घोळ होतो. मी प्रत्येक भागाला वेगळं विचारतो: हा लॅपटॉप उद्या मेला तर ह्या भागाचं काय होईल?

अडीच इंची साटा एसएसडी जुना मेला की यूएसबीच्या डबीत घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. पैसा बुडत नाही. बॅटरी त्याच मॉडेलची, ती त्याच्याबरोबर जाते. तुमची डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची, रॅम नव्या लॅपटॉपात जाईलच असं नाही. बऱ्याच नव्यांत डीडीआर५ असते, नाहीतर रॅम बोर्डवरच डाखलेली. प्रोसेसरचा तर प्रश्नच मिटला.

म्हणून माझा हिशेब असा की एसएसडी घ्या, रॅम घेऊ नका, बॅटरी काढा पण नवी घालू नका. टेबलावरच बसता ना चार्जर लावून? बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालतात. काही मॉडेलं अशा वेळी प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, ते काढल्यावर तपासा. वायर हलली की क्षणात बंद पडेल, तेवढी वर्डची ऑटोसेव्ह चालू ठेवा. आणि नवा घ्यायचा तो घाई न करता बघून घ्या. विंडोज १०ला घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा-अपडेट्सची योजना आहे, नाव नोंदवावं लागतं, मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. तेवढा श्वास मिळतो.

शाईदौत

उशिरा लिहितेय, मधले दिवस धावपळीचे गेले.

बॅटरी काढून घेतली. बाहेर आली तेव्हा उशीसारखी होती. ती ई-कचऱ्यात दिली, घरच्या कचऱ्यात टाकू नका असं काढणाऱ्यानं दोनदा बजावलं. टचपॅडचं बटण त्याच क्षणी टकटक वाजायला लागलं! नुसत्या अडॅप्टरवर चालतोय, वेगही घोटाळा करत नाही.

मग फाइलींची प्रत काढली. सगळी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करायचा बेत होता, तो ६३ टक्क्यांवर जाऊन लटकला, दोनदा. खटपट्यांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) सांगितलं की त्या चोवीस जागांशी झुंजत बसू नका, विंडोज नव्यानं टाका आणि फाइली हातानं आणा. तसं केलं. तीन फाइली वाचल्याच गेल्या नाहीत. त्यात माझी नऊ वर्षांची पारिभाषिक शब्दांची यादी होती. पोटात गोळा आला. मग आठवलं की मागच्या वर्षी ती एका सहकारी बाईंना मेल केली होती. मिळाली, मधल्या काळातले काही शब्द गेले.

आता चालू व्हायला पंचवीस सेकंद लागतात. पीडीएफ लगेच उघडतं. कॉलवर सीपीयू अजून नव्वदच्या वर, म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. सध्या कॉल फोनवरून करते आणि लॅपटॉप फक्त लिहायला ठेवलाय, दोघांचंही बरं चाललंय.

नवा घ्यायचाच आहे, पण आता महिना-दोन महिने शोधेन. एकच विचारते: बघितलेल्या दोन मॉडेलांपैकी एकात १६ जीबी रॅम डाखलेली आहे, दुसऱ्यात ८ जीबी आणि एक खोबण रिकामी. कुठला?

जुनेसोने

रिकाम्या खोबणीचा. मात्र पहिली ८ डाखलेली आहे की तीही खोबणीत, ते विचारा, आणि जास्तीत जास्त किती चालते हेही. तुमच्या कामाला १६ आजही पुरतात, पण लॅपटॉप आठ-नऊ वर्षं वापरायची तुमची सवय दिसतेय. डाखलेल्या १६ला पुढे वाव नाही. तेच ३२ डाखलेली मिळत असती तर मी खोबणीचा आग्रह धरला नसता.

खटपट्या

आणि दुकानात त्याच्यावर देवनागरीत दोन परिच्छेद टाइप करून बघा. पहिल्या पोस्टमध्ये तुम्हीच कारण लिहिलंय.

शाईदौत

करते. पट्टीही घेऊन जाते.