गेटवरचा पंजा आणि ६६६

सुहास (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. नव्या गेट सिस्टीमची नोंदणी येत्या रविवारी सकाळी १० ते १, सोसायटी ऑफिसात. माणसांसाठी उजव्या पंजाचा स्कॅन, गाड्यांसाठी काचेवर टॅग. परवा "हीच ती श्वापदाची खूण, ६६६" असा व्हिडिओ इथे फिरला आणि चार घरांनी नोंदणीला नाही म्हणून कळवलं. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी लिहा. बाकीच्यांनी फुलांचे सुप्रभात आज नाही टाकले तरी चालतील.

शलमोन सर (सी-७०२): व्हिडिओतल्या माणसाने वचन अर्धंच वाचलंय. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचा अध्याय १३ पूर्ण वाचा. श्वापदं दोन आहेत. पहिलं समुद्रातून वर येतं, त्याला दहा शिंगं आणि सात डोकी. दुसरं भूमीतून येतं, शिंगं कोकरासारखी दोन पण बोलणं अजगरासारखं. हे दुसरं लोकांकडून पहिल्याची मूर्ती करून घेतं आणि तिला नमन करायला लावतं. खूण येते ती त्याच्याही नंतर, वचन १६ मध्ये. उजव्या हातावर किंवा कपाळावर, आणि ती नसेल तर खरेदी-विक्री बंद. म्हणजे आधी उपासना, मग खूण. व्हिडिओत उपासनेचा भाग गाळून थेट पंजावर उडी मारली आहे.

आणि शेवटच्या काळात येणारा ख्रिस्ताचा शत्रू म्हणून लोक या श्वापदाला "ख्रिस्तविरोधक" म्हणतात, पण या अख्ख्या पुस्तकात तो शब्द एकदाही नाही!

सुहास (सेक्रेटरी): मग आहे कुठे?

शलमोन सर (सी-७०२): योहानाच्या पत्रांत. पहिल्या पत्रात २:१८, २:२२, ४:३ आणि दुसऱ्या पत्राचं ७ वं वचन. चार वचनं, पाच वेळा शब्द, बस. तिथेही अनेकवचन आहे. एक येणार असं ऐकलंत, पण आताच पुष्कळ उठलेत, असं योहान लिहितो. त्यांची ओळख काय, तर येशू हा ख्रिस्त नव्हे म्हणणारे आणि तो देहाने आला हे नाकारणारे. पौल थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात "अनीतिमान पुरुष, नाशाचा पुत्र" म्हणतो, तो देवाच्या मंदिरात बसून स्वतःला देव म्हणवतो. दानीएलाच्या पुस्तकात एका राजाचं रूप म्हणून लहान शिंग आहे. या चार ठिकाणच्या आकृत्या जोडून एक माणूस उभा करायचा, हे काम नंतरच्या वाचकांनी केलं. जोडणी चूक आहे असं नाही म्हणत. पण सांधा कुठे आहे ते दिसलं पाहिजे.

मंदार (बी-५०३): बारकोडचं मी सांगतो, कारण व्हिडिओत तेही होतं. घरातला बिस्किटपुडा हातात घ्या, ८९० ने सुरू होणारा. काळ्या रेषांत तीन जोड्या खाली जास्त लांब दिसतील, सुरुवातीला, मधे, शेवटी. लोक म्हणतात त्या तीन सहा आहेत. असं वाटायचं कारण खरं आहे. उजव्या अर्ध्या भागात ६ हा अंक काळी, पांढरी, काळी आणि मग चार पांढऱ्या पट्ट्या असा लिहितात, म्हणजे दोन बारीक रेषाच दिसतात. पण प्रत्येक अंकाला सात पट्ट्यांची जागा लागते. कडेच्या जोडीला तीनच मिळतात, मधलीला पाच. त्या कुंपणाच्या रेषा आहेत, स्कॅनरला "इथून सुरू, इथे मध्य, इथे संपलं" एवढंच सांगतात. हिशोब करा: ३ + ४२ + ५ + ४२ + ३ = ९५. त्यात १२ अंक बसतात, तेरावा डाव्या बाजूच्या मांडणीवरून काढला जातो. शिवाय डाव्या अर्ध्यातला ६ बऱ्याचदा एक बारीक आणि एक जाड रेष असा असतो. तो कुणी दाखवत नाही 😄

कुलकर्णी काका (बी-२०१): पण ६६६ म्हणजे तीन वेळा सहा, हे तरी पुस्तकात आहे का?

शलमोन सर (सी-७०२): नाही काका, आणि घोळाचं मूळ तिथेच आहे. दशमान स्थानपद्धती त्यांच्याकडे नव्हती. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे. सहाशेला एक अक्षर, साठला दुसरं, सहाला तिसरं. सहा-सहा-सहा अशी रांग तिथे दिसतच नाही. आणि वचन १८ म्हणतं, ज्याला बुद्धी आहे त्याने संख्या मोजावी, ती माणसाची संख्या आहे. म्हणजे नावाच्या अक्षरांची बेरीज.

कुलकर्णी काका (बी-२०१): अरे, हे तर अक्षरांनी आकडे लिहिण्याच्या आपल्या जुन्या कटपयादी पद्धतीचं भावंड! ज म्हणजे ८, य म्हणजे १, अंकांची गती उजवीकडून डावीकडे, म्हणून "जय" म्हणजे १८. महाभारताची पर्वं १८.

शलमोन सर (सी-७०२): भावंड, पण सख्खं नाही. कटपयादीत अंक शेजारी मांडायचे, तिथे सरळ बेरीज. पोम्पेई या जुन्या रोमन शहरात भिंतीवर कुणीतरी खरडून ठेवलंय, "जिची संख्या ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे". रस्त्यावरच्या माणसाला हा खेळ माहीत होता. नीरो बादशहावर तर रोममध्ये टवाळी फिरत होती: ग्रीकमध्ये त्याच्या नावाची बेरीज १००५, आणि "स्वतःच्या आईला मारलं" या शब्दांचीही १००५. रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय.

आता करून बघा. "नेरोन केसर" हिब्रू अक्षरांत लिहायचं, स्वर बहुतेक लिहायचे नाहीत, "ओ"साठी मात्र वाव. नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०. झाले ३०६. कोफ १००, सामेख ६०, रेश २००. झाले ३६०. एकूण ६६६. लॅटिन पद्धतीने "नेरो" लिहिलं तर शेवटचा नून जातो, ५० वजा, उरतात ६१६. काही जुन्या प्रतींत ६१६ च आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस इथे सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यावरही तोच आकडा आहे. एकाच नावाची दोन स्पेलिंगं दोन्ही आकडे देतात, म्हणून बरेच अभ्यासक नीरोपाशी थांबतात.

फ्रान्सिस अंकल (ए-१०४): शलमोन, दुसरी बाजू पण सांग. पुस्तक ग्रीकमध्ये, मग मोजणी हिब्रूत कशाला? आणि फ्रान्समधल्या लियोंचा बिशप इरेनेयस, साधारण इ.स. १८० चा, योहानाला पाहिलेल्या पोलिकार्पचा शिष्य. ६१६ ही नकलणाऱ्याची चूक आहे असं तो म्हणतो. एवान्थास, लातेइनोस, तेइतान अशी तीन नावं मोजून दाखवतो. नीरोचं नावही काढत नाही.

शलमोन सर (सी-७०२): मान्य. तो हेही म्हणतो की नावं ओळखत बसण्यापेक्षा भाकीत पूर्ण होईपर्यंत थांबणं बरं. मात्र "केसर" मध्ये एरवी येणारं योद हे हिब्रू अक्षर गाळून लिहिणं कुणी मागाहून जुळवून घेतलेलं नाही. यहूदियाच्या वाळवंटात नीरोच्याच काळातला एक व्यवहाराचा कागद मिळालाय, त्यात तसंच लिहिलंय.

रूथताई (सी-३०४): आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) भविष्यवादी शिकवण आहे, म्हणजे ही भाकितं अजून पूर्ण व्हायची आहेत असं मानणारी, तर तीही नीट मांडते. दानीएल ९ मध्ये सत्तर सप्तकं आहेत, सात-सात वर्षांची. एकोणसत्तर झाली, सत्तरावं उरलंय, ती शेवटची सात वर्षं. आधी मंडळीचं, म्हणजे विश्वासणाऱ्यांचं, प्रभूला भेटायला ढगांत उचललं जाणं, १ थेस्सलनीका ४:१७. मग ख्रिस्तविरोधक करार करतो, सप्तकाच्या मध्यावर मोडतो, आणि उरलेली साडेतीन वर्षं महासंकट. ४२ महिने, १२६० दिवस, "काळ, दोन काळ आणि अर्धा काळ", तिन्ही तेच. महिना ३० दिवसांचा धरला की ४२ × ३० = १२६०.

आता बघा, खूण सक्तीची होते ती याच दुसऱ्या अर्ध्यात, मूर्ती उभी राहिल्यावर. म्हणजे आमच्याच शिकवणीप्रमाणे उचललं जाणं अजून झालेलं नाही तर गेटवरचा पंजा ही खूण असूच शकत नाही. व्हिडिओवाला आमचीच वचनं वापरतो आणि आमचाच क्रम मोडतो.

फ्रान्सिस अंकल (ए-१०४): रूथ, हा क्रम कधीपासूनचा तेही लिही गं.

रूथताई (सी-३०४): महासंकटाच्या आधी वेगळं उचललं जाणं ही मांडणी डार्बी नावाच्या धर्मोपदेशकाने १८३० च्या दशकात रुजवली. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांतून ती जगभर गेली. आम्ही म्हणतो बीज वचनातच होतं. तुम्ही म्हणणार नवीन आहे.

फ्रान्सिस अंकल (ए-१०४): म्हणणारच 🙂 कॅथलिक धर्मशिक्षणाचे परिच्छेद ६७५ ते ६७७ बघा. ख्रिस्ताच्या येण्याआधी चर्चला एका शेवटच्या कसोटीतून जावं लागेल. कसोटीआधी कुणी उचललं जाणार नाही. आणि ख्रिस्तविरोधकाची फसवणूक म्हणजे माणसाने देवाच्या जागी स्वतःचाच गौरव करणं. प्रकटीकरण २० मध्ये "हजार वर्षं" सहा वेळा येतं. ऑगस्टिनपासून आपण ती चर्चच्या चालू काळाची खूण मानतो, कॅलेंडरवरची हजार नव्हेत.

उचललं जाण्याबद्दल एक गोष्ट. त्या वचनात "प्रभूला भेटायला" म्हणून जो ग्रीक शब्द आहे तो पाहुण्याला सामोरं जाण्याचा आहे. राजा शहराकडे आला की लोक वेशीबाहेर जायचे आणि त्याला घेऊन आत यायचे. पालखी आली की आपण वेशीपर्यंत सामोरे जातो, मग पालखीबरोबर कुठे जातो? गावातच ना! पुष्कळ अभ्यासक म्हणतात ढगांतली भेट तशीच, परतीची. आणि मत्तय २४ मधलं "एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल" तर त्याच्या वरच्या ओळीसकट वाचा. तिथे नोहाच्या काळात पुराने ज्यांना नेलं ते बुडाले. नेलं जाणं चांगलंच असतं असं नाही.

रूथताई (सी-३०४): सामोरं जाण्याचा मुद्दा मी आमच्या बायबल अभ्यासात मांडेन. पटला असं नाही, पण मांडेन.

नझीरभाई (ए-६०१): आमच्याकडे तसाच शेवटच्या काळातला फसवा म्हणजे दज्जाल. एका डोळ्याने आंधळा, कपाळावर "काफिर" लिहिलेलं, आणि हदीसप्रमाणे ते निरक्षर मोमिनालाही वाचता येईल. त्याला संपवायला हजरत ईसाच (येशू) परत येतात, लुद्द या गावाच्या दारापाशी. कपाळ इथेही आहे बघा.

शलमोन सर (सी-७०२): कपाळाचं जुनं मूळ बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ६:८ मध्ये. देवाची वचनं हातावर चिन्ह म्हणून बांध, डोळ्यांच्या मधे लाव. आपल्याकडचे बेने इस्राएली ज्यू सकाळच्या प्रार्थनेला दंडावर आणि कपाळावर तेफिलिन, म्हणजे वचनं ठेवलेल्या चामड्याच्या डब्या, बांधतात, तेच. पहिल्या वाचकांना हात आणि कपाळ म्हटलं की हे आठवणार. श्वापदाची खूण ही त्याची नक्कल आहे. म्हणून अध्याय १३ संपला की लगेच १४:१ मध्ये १,४४,००० जण उभे आहेत, आणि त्यांच्या कपाळावर कोकराचं व त्याच्या पित्याचं नाव. दोन कपाळं समोरासमोर ठेवलीत. ते नाव कुणी चिप म्हणत नाही, मग हीच खूण चिप कशी?

फ्रान्सिस अंकल (ए-१०४): दृढीकरण या आमच्या संस्कारात बिशप कपाळावर पवित्र तेलाने क्रूस करतात तो शिक्काच. चेहरा धुतला की तेल जातं, शिक्का जात नाही.

सुहास (सेक्रेटरी): आणि त्या व्हिडिओतली तारीख? पुढच्या वर्षीची दिलीय.

शलमोन सर (सी-७०२): तारखांची गिरणी जुनी आहे. ख्रिस्त परत कधी येणार याचं अमेरिकेतल्या विल्यम मिलरचं गणित घ्या. दानीएल ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळ. त्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं. सुरुवात इ.स.पू. ४५७. २३०० वजा ४५७ बरोबर १८४३. पण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य साल नाही, म्हणून एक वाढवून १८४४. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ठरवलं, आणि २३ तारीखही उजाडली. बेरीज बरोबर होती. दिवसाचं वर्ष करायचं हे त्या वचनात नाही, आणि ४५७ पासूनच मोजायचं हेही नाही. दोन्ही बाहेरून आणलेलं. अमेरिकेतल्याच हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ दिली, मग २१ ऑक्टोबर २०११. कुणी तारीख दिली की एवढंच विचारायचं, सुरुवातीचं साल कुठून घेतलं? आणि मत्तय २४:३६ हातात ठेवायचं: तो दिवस, ती घटका कुणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही.

मंदार (बी-५०३): पंजाच्या स्कॅनचं. तो हातावर काही उमटवत नाही आणि हातात काही घालत नाही. डोळ्याला न दिसणारा, लाल रंगाच्या जवळचा प्रकाश पडतो, शिरांतलं रक्त तो शोषतं, त्यामुळे शिरा काळ्या दिसतात. त्या नक्षीवरून आकड्यांचा साचा बनतो आणि तोच साठवला जातो. काचेवरच्या टॅगला बॅटरी नसते, गेटवरच्या अँटेनाच्या लहरींवर तो जागा होतो, काही मीटरपर्यंत. तुम्ही दादरला आहात की दहिसरला, त्याला पत्ता नाही.

खरी काळजी दुसरीच. आपलं गेट पश्चिमेला. संध्याकाळी ऊन थेट स्कॅनरवर येणार आणि उन्हातही तोच अदृश्य प्रकाश असतो, म्हणून वाचन फसणार. वर छज्जा लावून घ्या. गाडीच्या काचेला धातूची फिल्म असेल तर टॅग वाचला जात नाही, त्यांनी आधी सांगा. साचे कुठे साठवणार, घर सोडलं की कोण पुसणार, हे करारात लिहून घ्या. श्वापदापेक्षा मला याची धास्ती जास्त आहे.

रूथताई (सी-३०४): उजवाच हात का पण?

मंदार (बी-५०३): काही कारण नाही. डावा तितकाच चालतो. ज्यांना पंजा द्यायचाच नाही त्यांना कार्ड देता येईल, सिस्टीममध्ये सोय आहे.

फ्रान्सिस अंकल (ए-१०४): सुहास, मग त्या चार घरांना डावा हात किंवा कार्ड दे, वाद कशाला. विवेकाचा प्रश्न आहे, चेष्टा नको. आणि वेळ बदल. या रविवारी ख्रिस्तराजाचा सण, सकाळची मिस्सा लांबते. आमच्याकडून कुणी १ च्या आत येणार नाही.

शलमोन सर (सी-७०२): आमची उपासना साडेनऊची, आम्हीही दुपारनंतरच.

सुहास (सेक्रेटरी): ठीक. नोंदणी रविवारी ४ ते ७. पंजा कुठलाही, नको असेल त्यांना कार्ड. मंदार, छज्जाचं माप टाक. काचेवर फिल्म असलेल्यांनी गाडी नंबर मला पर्सनलवर पाठवा, इथे नको.

मंदार (बी-५०३): ४ नंतर सूर्य मावळेपर्यंत गेटवर ऊन समोरच असेल. पुठ्ठा घेऊन येतो.