रोज सात ते साडेआठ गृहपाठ : सवय की शिक्षा?

खाडीपलीकडे : काल 'प्रगतिपथ' यांनी इथे फर्मान काढलं. मुलाला रोज सात ते साडेआठ टेबलाशी बसवा, आईने शेजारी बसा, 21 दिवसांत सवय लागते, नाही लागली तर पालक आळशी. वाचून डोकं फिरलं. माझी मुलगी पाचवीत, एसटीने येते. गाडी वेळेवर आली तर सहा, नाहीतर देवाक काळजी. मी काजूच्या कारखान्यातून येऊन सातला भाकऱ्या थापत असते. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाइट कधी येईल ते वायरमनलाच ठाऊक. आणि ते 21 दिवस आणले कुठून? लंडनच्या विद्यापीठाने मोठ्या माणसांची पाहणी केली, त्यात सवय मुरायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला तब्बल 254 लागतील असा हिशोब निघाला. पोरांचं तर विचारूच नका.

प्रगतिपथ : सबबींना आकडे बरे सापडतात! 66 तर 66, रोज बसावं तर लागतंच ना? माझे दोघेही असेच बसले. थोरला आज इंजिनिअर आहे.

निवृत्त मास्तर : आमच्या वेळी दिवेलागणीला शुभंकरोति, मग पावकी-निमकीपर्यंत परवचा, मग कंदिलाची काच पुसून अभ्यास. शेजारी कोणी बसत नसे. आजोबा झोपाळ्यावर, पाढा चुकला की तिथूनच खाकरत. आता आयाच पोरांच्या वह्या लिहितात.

माडाखाली : मास्तरांनू, कंदिलाच्या गजाली पुरे करा. तेव्हा पोरांकडे मोबाईल होतो खय?

काजूबी : आया लिहितात कारण प्रकल्प आयांनाच दिलेला असतो! माझ्या मुलाला तिसरीत 'आपल्या किनाऱ्यावरचे मासे' असा तक्ता करायचा होता. त्याचे बाबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातात. पोरगा तारली कुठली, पेडवा कुठला ते टोपलीत नुसता हात घालून सांगतो. पण तक्त्याला चित्रं हवीत, तीही रंगीत. सायबरवाल्याने रावस म्हणून परदेशी सामन (सॅल्मन) माशाचा गुलाबी तुकडा छापून दिला. तो रात्री अकराला मी चिकटवला. शेरा मिळाला, 'सुंदर'. ही कसली सवय लागली पोराला?

निवृत्त मास्तर : रावसाच्या जागी सामन आणि शेरा 'सुंदर'? शिक्षकाने आयुष्यात मासा खाल्ला नसावा.

फळ्यामागे : मासा खातो साहेब, पण शेरे देताना मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहितीही भरत असतो. दोन शिक्षक, चार इयत्ता. तुम्ही निवृत्त झालात, आता खाकरायला मोकळे. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ शून्य, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. मी तेवढाच देतो, तर पालकच दारात : "गुरुजी, अभ्यास काहीच नाही?" मग घाला प्रकल्प.

काजूबी : म्हणजे खापर शेवटी आमच्यावरच!

फळ्यामागे : निम्मं. उरलेलं वर पाठवा.

माडाखाली : वर पाठवलेला खाली येत नाय, मास्तर. एसटीसारख्याच.

खाडीपलीकडे : विषय पाळणार का कोणी? आठवड्याला दोन तास म्हणे. प्रगतिपथांचे रोजचे दीड तास सहा दिवसांनी गुणा, नऊ होतात. पाचवीच्या पोरीला! आमच्याकडे घड्याळ नाही. गाडीतून उतरली की हातपाय, पोटाला काहीतरी, मग पडवीत दप्तर उघडायचं. आधी सोपं उरकायचं, शुद्धलेखन वगैरे. गणित अडलं तर मला हाक नाही. आधी स्वतः झगडायचं, नाहीच सुटलं तर समासात फुली मारून पुढे. फुल्या मी जेवणानंतर बघते. पेन्सिल मी हातात घेत नाही, तिनेच धरायची. शिमग्यात पालखी दारात आली की सुट्टी, त्यावर चर्चा नाही.

प्रगतिपथ : म्हणजे ठरलेली वेळच झाली की! मी वेगळं काय सांगितलं?

खाडीपलीकडे : वेळ नव्हे, क्रम. गाडी आठला आली तरी क्रम तोच, फक्त शुद्धलेखन अर्धं.

प्रगतिपथ : बरं, दीड तास लहानांना जास्त होतो. झालं समाधान? शाल-श्रीफळ कधी देताय? पण आठवीच्या पुढे असलं अर्धं-मुर्धं चालायचं नाही, सांगून ठेवतो.

निवृत्त मास्तर : आठवीच्या पुढे? दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला येतो, तो काय टेबलांवर?

प्रगतिपथ : मग तुमच्या झोपाळ्यावर?

काजूबी : निकालाचं राहू द्या. गुरुजी, पुढच्या वेळी तक्ता नको, खरा मासा आणायला सांगा. पोरगा वर्गात नावं सांगेल, मला रात्र जागायला नको.

फळ्यामागे : चालेल. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा पाठवा. बर्फासकट. आणि काटे उचलायला पालक प्रतिनिधी हवा, तुमचं नाव लिहून घेतलंय.