मदत हवी आहे : फंक बँडची पहिली मैफल, तीही उभ्याने

नमस्कार. मी सांगलीत तबला शिकवतो. पुढील महिन्यात अमेरिकेत मुलाकडे जात असून त्याने जॉर्ज क्लिंटन यांच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक (ठेक्यावर भर देणारे अमेरिकी नृत्यसंगीत) बँडच्या कार्यक्रमाची तिकिटे काढली आहेत. १९७६ मध्ये रंगमंचावर अवकाशयान उतरवणारा हा बँड मी आजवर केवळ ध्वनिमुद्रणांतून ऐकला आहे. चार मात्रांतील पहिलीवर, म्हणजे आपल्या समेवरच, बास आणि ड्रम एकत्र आदळतात आणि उरलेल्या जागेत गिटार बारीक नक्षी विणत राहते, तेव्हा माझा हात नकळत मांडीवर पडतो.

अडचण अशी, की तेथे बसण्याची सोय नाही आणि मिरजेच्या दर्ग्यातील उरुसात रात्रभर मांडी घालून गाणे ऐकणाऱ्या माझा उजवा गुडघा उभे राहिल्यास तासाभरातच कुरकुरू लागतो. शिवाय १०० डेसिबलचा आवाज कानांना जेमतेम १५ मिनिटे सुरक्षित मानतात. कानांत बोळे घातल्यास बासचा ठोका स्पष्ट राहतो, की नुसती घरघर उरते? ध्वनिसंयोजकाच्या टेबलामागे उभे राहिल्यास आवाजाचा तोल चांगला मिळतो, असे ऐकले आहे. तो अनुभव कोणास आहे का? घडीचे स्टूल आत नेऊ देतात का, हेही कृपया कळवावे. (मुलाला विचारले, तर तो फक्त हसतो.)